रेस कारसाठी बॅटरी कट-ऑफ स्विच: दोन टर्मिनलचा, सहा टर्मिनलचा की इलेक्ट्रॉनिक?

ट्रॅकवेडा यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं भाऊ मिळून १.६ लिटर पेट्रोल हॅचबॅक रेससाठी तयार करतोय. रोल केज बसलाय, आतली सगळी सजावट उतरवली आहे. बॅटरी बॉनेटखालून काढून डाव्या सीटच्या मागे बॉक्समध्ये बसवली. आता वायरिंगची पाळी आली आहे.

नियमपुस्तकात वाचलं की मास्टर कट-ऑफ स्विच आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चालला पाहिजे. शोधायला गेलो तर तीन प्रकार समोर आले: लाल चावीचा दोन टर्मिनलचा, दिसायला अगदी तसाच पण सहा टर्मिनलचा, आणि बटणांवर चालणारा इलेक्ट्रॉनिक आयसोलेटर. भाऊ म्हणतो, बॅटरीची जाड वायर तोडली की वीज गेली, मग दोन टर्मिनलचा पुरे. म्हणून तो तात्पुरता लावून पाहिला. इंजिन बंद असताना चावी फिरवली की डॅश, पंप, सगळं बंद होतं. पण इंजिन चालू ठेवून फिरवली तर इंजिन बंदच पडेना! आरामात आयडलवर चालत राहिलं.

हे असं का होतं, आणि आम्ही कुठला स्विच घ्यावा? अँपिअरचे आकडे वाचून तर डोकं आणखी गोंधळलंय.

---

तांब्याची_तार:

तुमच्या भावाचं म्हणणं इंजिन बंद असताना बरोबर आहे. चालू गाडीत ते का टिकत नाही, ते तुम्ही स्वतःच पाहिलंत.

मी रेस गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवते. कट-ऑफ स्विच विचारायला येणारे बहुतेक जण बॅटरीबद्दल बोलतात, अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं, नावही काढत नाहीत. चालू गाडीत वीज दोन ठिकाणांहून येते. बॅटरी तोडली तरी पट्टा फिरतोय तोवर अल्टरनेटर इग्निशन कॉइलला, इंजेक्टरला, फ्युएल पंपाला वीज देत राहतो. आणि कॉइलला वीज मिळतेय तोवर इंजिन पट्टा फिरवत राहतं. अपघातात फ्युएल लाइन फाटली आणि पंप चालूच राहिला, तर स्विच फिरवूनही गाडीखाली पेट्रोल साचत जातं. बाहेर उभ्या माणसाला मात्र वाटतं की आपण गाडी बंद केली. मला या गोष्टीची खरी भीती वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या नियमांतलं, अपेंडिक्स जे मधलं कलम २५३ म्हणूनच नुसत्या बॅटरीवर थांबत नाही. बॅटरी, अल्टरनेटर, दिवे, हॉर्न, इग्निशन, सगळी सर्किट तुटली पाहिजेत आणि इंजिनही बंद पडलं पाहिजे, असं ते सांगतं. स्विच ठिणगी बाहेर न पडणारा हवा. स्क्रुटिनिअर, म्हणजे शर्यतीआधी गाडी तपासणारा अधिकारी, चालू इंजिनावर स्विच मारून बघतो, तेव्हा दोन टर्मिनलचा स्विच तिथेच नापास होतो. अल्टरनेटरच नसलेल्या, फक्त बॅटरीवर धावणाऱ्या रेस गाड्या असतात. त्यांना मात्र तो पुरतो.

एक विनंती. चालू इंजिनावर दोन टर्मिनलचा स्विच उघडायची, म्हणजे वीज तोडायची, चाचणी पुन्हा करू नका. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक सुटली की त्याच्या रोटरमधलं चुंबकीय क्षेत्र लगेच ओसरत नाही. रेग्युलेटरने हात आखडता घेतला तरी काही क्षण लागतात, आणि तेवढ्यात व्होल्टेज उसळतं. याला लोड डंप म्हणतात. आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या गाडीसाठी दाबून न ठेवलेल्या लोड डंपची चाचणी ७९ ते १०१ व्होल्टची आहे, तीही ४० ते ४०० मिलिसेकंद. हल्लीच्या बऱ्याच अल्टरनेटरमधले डायोड हा झटका साधारण ३५ व्होल्टच्या आसपास दाबतात, पण त्या भरवशावर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, पणाला लावू नये. आयडलवर, भरलेल्या बॅटरीवर तुमचं काही बिघडलं नाही, कारण तेव्हा अल्टरनेटर फारसा करंट देत नव्हता.

आता सहा टर्मिनलचा. दोन जाड बोल्ट बॅटरीचे. उरलेल्या चार छोट्या पिनांच्या दोन जोड्या असतात, बऱ्याच स्विचांवर डब्ल्यू आणि झेड अशी खूण असते. स्विच चालू असताना डब्ल्यू जोडी जुळलेली आणि झेड उघडी, बंद केला की उलट. खुणांवर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावून खात्री करा, कारण नकली मालावर खुणा कशाही छापलेल्या असतात.

डब्ल्यू जोडीतून इग्निशन तोडायचं. त्या छोट्या संपर्कांतून पंपाचा किंवा पंख्याचा करंट नेऊ नका. मी ईसीयूच्या मेन रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा फीड त्यातून नेते. स्विच फिरला की रिले सुटतो, रिले सुटला की ईसीयू, इग्निशन कॉइल आणि पंप एकदम जातात, मग अल्टरनेटर कितीही फिरो.

झेड जोडी अल्टरनेटरसाठी. स्विचच्या लोडच्या बाजूपासून, म्हणजे बॅटरीची नव्हे तर गाडीच्या वायरिंगची बाजू, ३ ओहमचा रेझिस्टर झेडमधून अर्थला. स्विच बंद होताच उरलेली वीज त्यात जिरते. १४ व्होल्टला त्यातून साधारण पावणेपाच अँपिअर वाहतात, म्हणजे ६५ वॅटची उष्णता, आणि सोबत येणारा रेझिस्टर बहुधा ११ वॅटचा असतो. इंजिन लगेच थांबणार या हिशेबावरच तो तेवढा छोटा ठेवलेला आहे. डब्ल्यूची वायर न जोडता नुसती झेडची जोडली तर इंजिन चालत राहील आणि रेझिस्टर भाजून निघेल. चुकून बॅटरीच्या बाजूला जोडला, तर स्विच बंद करून गाडी उभी केली की रेझिस्टर तापत राहतो आणि बॅटरी रिकामी होत जाते. त्याला प्लॅस्टिकपासून दूर, धातूच्या पत्र्यावर बसवा.

अँपिअरचं म्हणाल तर दोन आकडे बघा. सतत किती आणि स्टार्टर मारताना काही सेकंद किती. अशा स्विचांवर १०० अँपिअर सतत आणि ५०० थोडा वेळ असं लिहिलेलं सापडेल. तुमच्या इंजिनाचा स्टार्टर फिरताना दीडशे अँपिअरच्या आसपास घेईल, सुरुवातीच्या धक्क्याला आणखी जास्त. म्हणजे कागदावर सगळेच स्विच पास. फरक आत, संपर्काच्या तांब्यात असतो. स्टार्टर मारताना स्विचच्या दोन जाड बोल्टांवर मल्टिमीटर धरा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. पाव-अर्धा व्होल्ट पडत असेल तर तो स्विच काढून टाका. अर्धा व्होल्ट गुणिले दीडशे अँपिअर म्हणजे ७५ वॅट त्या छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत, आणि शर्यतीच्या थरथराटात तो संपर्क आणखी सैल होत जाणार. मी उघडून पाहिलेल्या स्वस्त नकलांत चावी बसते तो दांडा प्लॅस्टिकचा होता, आतली स्प्रिंग हाताने दबेल इतकी नरम.

केबलचाही हिशेब करा. बॅटरी ते स्विच ते स्टार्टर चार मीटर धरली, तर २५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये दीडशे अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट जातो, ३५ च्या केबलमध्ये एक तृतीयांश व्होल्ट. मी ३५ घेईन. लग, म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं कडं, दाबायला हायड्रॉलिक क्रिम्पर वापरा, हातोडीने ठोकलेला लग गरम होतो.

---

पिवळा_झेंडा:

ताईंनी वायरिंगचं सांगितलं. मी मार्शल म्हणून ट्रॅकच्या कडेला उभा असतो, तर बाहेरच्या बाजूचं सांगतो.

तुमच्या गाडीची ओळख नसलेला माणूस, हातात जाड हातमोजे, समोर धूर, गाडी कदाचित कुशीवर पडलेली. त्याला दोन-तीन सेकंदांत ते हँडल सापडलं पाहिजे. छत असलेल्या गाडीला एफआयएच्या नियमात ते पुढच्या काचेच्या खांबाच्या खालच्या टोकाशी असतं, आणि त्यावर पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण, आत लाल वीज, त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटिमीटर. आम्ही तो त्रिकोणच शोधतो. प्रायोजकाचं स्टिकर त्यावर अर्धं चढलेलं असतं, किंवा गाडीचा रंगच निळा असल्यामुळे तो दिसत नाही, असं नेहमी बघतो. स्टिकर उन्हाने फिका पडला की बदला.

फायर एक्स्टिंग्विशरचं बाहेरचं हँडल बहुतेक वेळा शेजारीच असतं. त्याची खूण वेगळी: लाल कडेच्या पांढऱ्या गोलात लाल ई अक्षर. दोन्ही हँडल सारखीच असतील तर घाईत चुकीचं ओढलं जातं. दोन्हींमध्ये अंतर ठेवा आणि मूठ वेगळ्या आकाराची घ्या.

कुठल्या दिशेने ओढायचं त्याचा बाण काढा. एका उलटलेल्या गाडीवर हँडल नेमकं बॉनेटच्या कडेला होतं. बॉनेट दुमडल्यावर ते त्याच्या खाली गेलं, ओढताच येईना. चालकाने आतून बंद केलं म्हणून निभावलं. तेव्हा बॉनेट वाकलं तरी हँडल मोकळं राहील अशी जागा बघा. आणि ओढण्याची तार पावसापाण्यात गंजून नळीत अडकते, म्हणून प्रत्येक शर्यतीआधी एकदा ओढून बघायचीच.

चावीच्या स्विचवाल्यांना आणखी एक सांगणं. लाल चावी निघते. गाडी उभी करताना काढून खिशात ठेवतात, मग गडबडीत दुसरीच कुठलीतरी चावी अर्धवट खुपसून शर्यतीला येतात. चावीला छोटी दोरी लावून स्विचलाच बांधून टाका.

---

क्वाड्रंट:

मी इलेक्ट्रॉनिक आयसोलेटरच्या बाजूने बोलतो, कारण प्रश्नकर्त्याची बॅटरी मागे आहे.

मेकॅनिकल स्विच हाताशी हवा म्हणून बॅटरीची जाड, फ्यूज नसलेली, कायम जिवंत केबल केबिनमधून डॅशपर्यंत आणावी लागते. स्विच बंद केला तरी बॅटरी ते स्विच हा तुकडा जिवंतच राहतो. धडकेत तो चेपला आणि पत्र्याला टेकला तर स्विच काही करू शकत नाही. इलेक्ट्रॉनिक युनिट बॅटरीला लागून बसतं, जिवंत तुकडा वीतभर. डॅशवर आणि बाहेर येतात ती नुसती बारीक वायरीची बटणं. आत फिरणारा संपर्क नाही, मॉसफेट (वीज जोडणारे-तोडणारे इलेक्ट्रॉनिक भाग) आहेत, त्यामुळे थरथराटाने सैल होण्यासारखं काही नाही. शिवाय चांगल्या युनिटांत बटण दाबलं की आधी इंजिन बंद करायचा सिग्नल जातो, मग मुख्य वीज तुटते. लोड डंपचा प्रश्न तिथेच सौम्य होतो.

अडचणीही सांगतो. बॅटरी पूर्ण बसली असेल तर युनिट चालूच होत नाही, बाहेरची बॅटरी कुठे जोडायची हे आधी ठरवून ठेवा. बॅटरी उलटी जोडली तर युनिट जाऊ शकतं. गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी ते काढून ठेवा. अगदी थोडा करंट ते स्वतःही खातं, म्हणून गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर बॅटरीचा लग सोडा. आणि निनावी इलेक्ट्रॉनिक युनिट अजिबात घेऊ नका. मॉसफेट जळताना बहुधा शॉर्ट होऊन जळतो, म्हणजे बटण दाबूनही वीज तुटत नाही. नामांकित उत्पादक, आणि तुमच्या आयोजकांना मान्य असलेलं मॉडेल, एवढंच बघा.

---

ट्रॅकवेडा:

तिघांचे मनापासून आभार. भावालाही वाचायला दिलं, तो आता दोन टर्मिनलचं नाव काढत नाही.

दोन शंका उरल्या. एक, अल्टरनेटरची जाड वायर स्विचच्या कुठल्या बाजूला? एका ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं की ती थेट बॅटरीच्या बाजूला जोड, म्हणजे लोड डंप होणारच नाही. दुसरी, काही जण स्विच निगेटिव्ह वायरीत बसवतात, ते बरोबर का?

---

तांब्याची_तार:

मेकॅनिकचं म्हणणं अर्धं खरं आहे. अल्टरनेटर बॅटरीच्या बाजूला असेल तर स्विच उघडल्यावरही तो बॅटरीला जोडलेला राहतो, बॅटरी झटका शोषते. पण मग स्विच बंद केल्यावरही मागच्या बॅटरीपासून इंजिनापर्यंत एक जाड जिवंत वायर कायम राहते, आणि ती नेमकी तिथेच जाते जिथे धडक बसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. एफआयएच्या नियमात अल्टरनेटरही तुटला पाहिजे असं स्पष्ट आहे. म्हणून तुमच्यासाठी लोडच्या बाजूला, आणि सोबत डब्ल्यू व झेड दोन्ही जोडलेल्या. मागे बॅटरी असलेल्या गाडीत मी दुसरं काही करत नाही.

निगेटिव्हचं असं. बॅटरीची एकमेव अर्थ केबल तोडली तर बॅटरी वेगळी पडते, आणि काही क्लबांच्या शर्यतींत ते चालतं. फायदा हा की जिवंत पॉझिटिव्ह केबल स्विचपर्यंत फिरवावी लागत नाही. पण अल्टरनेटर इंजिनाच्या ब्लॉकलाच अर्थ झालेला असतो, त्याला याने काही फरक पडत नाही, इग्निशन तोडावंच लागतं. आणि एखादी छोटी अर्थ वायर कुणी बॅटरीच्या टर्मिनलवरून थेट घेतलेली असली, रेडिओची, डेटा लॉगरची, की तिच्यातून परतीचा रस्ता तयार होतो आणि स्विच निकामी. ड्रॅग रेसिंगच्या एनएचआरए या अमेरिकन संघटनेच्या नियमांत तर पॉझिटिव्हच तोडायला सांगितलंय, स्विच गाडीच्या अगदी मागच्या टोकाला, आणि ओढ-ढकल प्रकारचा असेल तर ढकलल्यावर बंद. तुम्ही ज्या शर्यतीत उतरणार तिचं पुस्तक आधी वाचा. तिथे मोकळीक असेल तर पॉझिटिव्ह.

क्वाड्रंट यांचा मागच्या बॅटरीचा मुद्दा मला पूर्ण पटतो. नामांकित युनिट परवडत असेल तर तेच घ्या. परवडत नसेल तर चांगला सहा टर्मिनलचा मेकॅनिकल स्विच बॅटरीच्या बॉक्सजवळ बसवा आणि त्याला दोन ओढतारा लावा, एक चालकाच्या हाताशी, एक काचेच्या खांबाशी. जिवंत केबल फूटभर राहते. तारेला तीव्र वळण देऊ नका, नाहीतर ती जड चालते. चालकाने बेल्ट पूर्ण आवळून बसायचं आणि हँडल गाठायचं. बेल्ट सैल ठेवून पोहोचणारा हात आवळल्यावर पोहोचत नाही. मधल्या कन्सोलवरची जागा मला आवडते, दोन्ही बाजूंनी हात जातो.

उलट्या फीडचं सांगायचं राहिलं होतं. डब्ल्यू जोडूनही इंजिन बंद पडत नसेल तर चार्जिंगच्या दिव्याची वायर तपासा. अल्टरनेटरच्या डी-प्लसवरून, म्हणजे त्या दिव्याची वायर जिथे लागते त्या टर्मिनलवरून, दिव्यामार्फत वीज उलटी येते आणि मेन रिलेला धरून ठेवते. रिले धरून ठेवायला लागणारा करंट फार कमी असतो, एवढीशी गळतीही पुरते. दिव्याच्या वायरीत योग्य दिशेने एक डायोड घाला, वीज दिव्याकडून अल्टरनेटरकडे जाईल, परत येणार नाही.

---

ट्रॅकवेडा:

ठरलं. या हंगामात बॅटरीजवळ सहा टर्मिनलचा स्विच आणि दोन ओढतारा. फायर एक्स्टिंग्विशर आमचा विजेवर चालणारा आहे. त्याचा फीड मास्टरच्या कुठल्या बाजूने घेऊ?

---

तांब्याची_तार:

कुठल्याच बाजूने नाही. त्याच्या कंट्रोल बॉक्समध्ये स्वतःची बॅटरी असते, ती गाडीच्या वायरिंगपासून पूर्ण वेगळी ठेवा. मास्टर बंद केल्यावरच तर त्याची गरज पडणार. त्या बॅटरीची चाचणी बॉक्सवरच्या टेस्ट स्विचने करता येते, शर्यतीच्या सकाळी करा.

वायरिंग झालं की चाचणी अशी घ्या. आधी इंजिन बंद ठेवून, दिवे, पंखा, पंप सगळं चालू करून स्विच मारा, काहीच उरता कामा नये, ब्रेक लाइटसुद्धा. मग इंजिन आयडलवर, आतून. पुन्हा आयडलवर, बाहेरून. शेवटी साडेतीन-चार हजार आरपीएमला. काही अल्टरनेटर आयडलवर इतके दुबळे असतात की वायरिंग अर्धवट असतानाही इंजिन आपोआप मरतं, आणि आपली फसगत होते. वाढवलेल्या आरपीएमवर चाचणी घेतली की खरं कळतं. स्विच मारल्यावर लगेच रेझिस्टरला हात लावू नका. कोमट असेल तर ठीक, भाजण्याइतका गरम असेल तर इंजिन थांबायला उशीर झालाय, डब्ल्यूचं सर्किट पुन्हा तपासा.

---

पिवळा_झेंडा:

आणि बाहेरची चाचणी तुम्ही दोघांनी घेऊ नका. गाडी कधी न पाहिलेल्या मित्राला हातमोजे घालून उभा करा आणि नुसतं "बंद कर" म्हणा. तो कुठे हात घालतो ते बघा, मग स्टिकरची जागा पक्की करा.